एकाच किड्याने खाल्लेली पानं

माझं पोट रंगातल्या चुका शोधण्यावर भरतं. जर्मनीत झिंडेलफिंगेनला आलो तेव्हापासून मी गाड्यांच्या पेंट शॉपमध्ये आहे, आणि त्याआधी चाकणला तेच करत होतो. पांढऱ्याफटक उजेडाच्या बोगद्यातून गाडीचा सांगाडा पुढे सरकतो आणि आपण हातमोजा घातलेला तळवा त्यावरून फिरवत जायचं. कुठे धुळीचा कण अडकलाय, कुठे ओघळ आलाय, कुठे संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा राहिलाय, हे डोळ्यांच्या आधी तळव्याला कळतं. त्यातही माझं खास काम म्हणजे पत्रा आणि प्लॅस्टिक यांचा रंग जुळवणं. बॉनेट पत्र्याचं, बंपर प्लॅस्टिकचा. रंग एकाच डब्यातला असला तरी दोन्हींवर तो वेगळा दिसतो, आणि तो वेगळा दिसू नये यासाठी मला पगार मिळतो. शेवटची गाडी पहिलीसारखीच दिसली पाहिजे, हे माझ्या अंगात इतकं भिनलंय की घरी पोळीचा गोल चुकला तरी माझी नजर तिथे अडकते. बायको म्हणायची, तू जेव, इन्स्पेक्शन करू नकोस.

बायकोची तऱ्हा बरोबर उलटी. ती स्टुटगार्टला एका सॉफ्टवेअर कंपनीत होती, पण ऑक्टोबर लागला की तिला कामाधामाची शुद्ध राहायची नाही. ट्रेनमधून उतरून घरी येईपर्यंत कोटाचे दोन्ही खिसे पानांनी भरलेले असायचे. मेपलची, बीचची, ओकची, आणि काही अशी की ज्यांची नावं तिलाही ठाऊक नव्हती. खिडकीच्या कठड्यावर, फ्रिजवर, देवघरात, सगळीकडे पानं. कोट धुवायला टाकला की वॉशिंग मशीनच्या जाळीत चुरा अडकायचा आणि तो काढायला मी. मी कुरकुरायचो, ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची. आमच्या संसारातलं ते एक ठरलेलं भांडण होतं आणि त्याशिवाय ऑटम आल्यासारखा वाटायचा नाही.

२०१५ च्या वसंतात तिला रक्ताचा आजार निघाला. पुढचं सगळं मी थोडक्यात सांगतो, कारण ते आठवत बसण्यात मला रस नाही. औषधांनी भागलं नाही, तेव्हा डॉक्टरांनी दुसऱ्या कुणाच्या तरी पेशी द्यायचं ठरवलं. तो माणूस कोण, पुरुष की बाई, हे आम्हाला सांगितलं नाही. उन्हाळ्यातल्या एका दुपारी सलाइनच्या स्टँडला एक छोटीशी पिशवी लावली. दिसायला टोमॅटोच्या सारासारखं काहीतरी, आणि तेही थोडंसंच. मी काचेपलीकडून बघत होतो. एवढ्यातच ते झालंसुद्धा. काही आठवड्यांनी डॉक्टर म्हणाले की पेशी रुजल्या आहेत, रक्त तयार करू लागल्या आहेत, आणि यथावकाश हिचा रक्तगटही बदलेल. मी इंजिनीअर माणूस, पण त्या दिवशी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिलो. किल्ली फिरवायची हिंमतच होईना. कोण कुठला माणूस, आणि त्याचं रक्त आता माझ्या बायकोच्या हाडांत बसून काम करत होतं.

सप्टेंबरमध्ये ती घरी आली. सांगलीहून तिची आई आली होती. सासूबाई शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, त्यामुळे हॉस्पिटलने दिलेल्या सूचना त्यांनी माझ्यापेक्षा आधी पाठ केल्या. कच्चं काही खायचं नाही. दही नाही. गर्दीत जायचं नाही. आणि घरात कुंडी, माती, फुलं, वाळकी पानं काहीच नको, कारण त्यांच्यावर बुरशी असते आणि बाकीच्यांना न बाधणारी ती बुरशी हिच्या फुप्फुसात घर करू शकते. तिने वाढवलेल्या सगळ्या कुंड्या मी तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या शेजारीणबाईंना देऊन आलो. दसरा तोंडावर होता, पण झेंडूचं नाव काढायची सोय नव्हती.

रक्त तयार होत होतं, पण ती मात्र कुठेतरी मागेच राहून गेली होती. बेडरूमच्या खिडकीचं रोलाडेन, म्हणजे ते बाहेरून उतरणारं पट्ट्यांचं जाड शटर, दिवसासुद्धा खाली असायचं. उजेड नको म्हणायची. ताट जसं जायचं तसं परत यायचं. सासूबाई मऊ भात, वरण, तूप, दुधीची भाजी, शेवयांची खीर असं एकेक करून बघत, आणि परत आलेलं ताट ओट्यावर ठेवून त्याच्याकडे बघत उभ्या राहत. एकदा मी तिथे गेलो तर त्यांनी पटकन नळ सोडला. पुढे तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं की आमच्या हातातलं आम्ही केलंय. आता खाणं आणि चालणं तिच्या हातात आहे. पुढच्या वेळेपर्यंत वजन असंच उतरत राहिलं तर पुन्हा भरती करून नळीने अन्न द्यावं लागेल, आणि या अवस्थेत पुन्हा हॉस्पिटलमध्ये राहणं धोक्याचं आहे. ती हे सगळं दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय अशा चेहऱ्याने ऐकत होती. मला तिचा राग आला. आजारी माणसाचा राग येतो हे कुणी सांगत नाही, पण येतो.

त्या दिवशी गाडीतून परत येताना मास्कच्या आतून ती इतकंच म्हणाली, "या वर्षी आपल्याला ऑटम नाही."

महिनाभरात तिने स्वतःहून उच्चारलेलं ते पहिलं वाक्य असावं. मी ते घट्ट धरून ठेवलं. खरी पानं आणायची नाहीत ना, मग खोटी आणू. हॉस्पिटलच्या नर्सला फोन करून विचारलं. ती म्हणाली, प्लॅस्टिक चालेल, धुता-पुसता येईल असं असलं आणि धूळ बसू दिली नाही तर हरकत नाही. त्याच संध्याकाळी सजावटीच्या दुकानातून पिशव्या भरून आणल्या. मेपलच्या पानांच्या माळा, फोमचा भोपळा, ओकच्या फळांचे प्लॅस्टिकचे गुच्छ. ती झोपलेली असताना मी बेडरूमच्या दारावर माळ लावली. तोरण लावतात तशी, दोन्हीकडे सारखी उतरती, पान आणि पान यांच्यात एकसारखं अंतर ठेवून. मला वाटलं, झकास झालंय.

तिने डोळे उघडले, माळेकडे बघितलं आणि म्हणाली, "शोरूम वाटतंय. काढ ते." आणि कूस बदलली.

मी माळ ओढूनच काढली. स्वयंपाकघरात जाऊन ती कचऱ्यात कोंबायला लागलो तर सासूबाई म्हणाल्या, "अहो, चिडू नका. ती आजारपणामुळे बोलली असं नाही. खरंच भयंकर दिसत होतं ते."

मग मी त्या माळेकडे जरा कामावरच्या नजरेने बघितलं. भगवा आणि लाल, दोनच रंग, आणि तेही छापलेले. सगळ्या पानांवर तोच ठिपका त्याच जागी. कडांना साच्याची शिवण. उजेड पडला की तेलकट चमक. माझ्या लाइनवर असा माल आला असता तर मी कुणाची तरी हजेरी घेतली असती. पण यात दुरुस्तीला जागा होती, आणि प्लॅस्टिकवर रंग कसा बसवायचा हे मला नाही तर कुणाला येणार? पिशव्या घेऊन मी केलरमध्ये गेलो.

इथे प्रत्येक इमारतीखाली केलर असतं. तळघर, आणि त्यात लाकडी फळ्या मारून प्रत्येक घराला एकेक कप्पा. आमच्या कप्प्यात हिवाळी टायर, सुटकेसा आणि एक मोडकी सायकल होती. मी तिथे टेबल मांडलं. आधी माळेतलं एकेक पान सुटं केलं. शिवण ब्लेडने तासली. बारीक पॉलिश पेपर फिरवून चमक मारली. हेअर ड्रायरची गरम हवा देऊन पान मऊ केलं आणि गार व्हायच्या आत पिळून वळवलं. पाण्यात पातळ केलेला तपकिरी रंग कडेने स्पंजने टिपला. शेवटी सुई तापवून भोक पाडलं, किड्याने खाल्ल्यासारखं. पहिलं पान इतकं छान जमलं की मी ते नमुना म्हणून भिंतीला टाचणीने टोचलं आणि त्याबरहुकूम बाकीची करत गेलो. रंगाचा वास पूर्ण जाईपर्यंत ती खालीच ठेवली. मग साबणाने धुऊन, जंतुनाशकाने पुसून, एका स्टीलच्या ट्रेमध्ये मांडून वर नेली.

या वेळी तिने ट्रे मांडीवर घेतला. एक पान उचललं, दुसरं उचललं, तिसरं उचललं. मी कामगाराने साहेबासमोर उभं राहावं तसा उभा.

"सगळ्यांना एकच किडा चावलाय का रे?"

मी वाकून बघितलं. प्रत्येक पानात मधल्या शिरेच्या डावीकडे, त्याच उंचीवर, त्याच मापाचं भोक.

"आणि किडा पक्का जर्मन," ती म्हणाली. "वेळेवर येणार, ठरल्या जागी खाणार, निघून जाणार."

सासूबाई दारात होत्या. त्यांच्या हातातला पेला तसाच राहिला, कारण लेकीने चेष्टा केलेली ऐकून किती दिवस झाले होते हे त्यांना माहीत होतं. मला मात्र त्या क्षणी हसू आलं नाही. चार संध्याकाळी घालवून केलेला माल एका नजरेत रिजेक्ट झाला होता आणि रिजेक्ट करणारी अगदी बरोबर होती. चूक करायलासुद्धा मी आधी नमुना ठरवला होता. मी ट्रे उचलला आणि विचारलं की मग खरं पान कसं असतं. ती म्हणाली, जाऊन बघ.

मी गेलो. आमच्या इमारतीसमोर एक मोठा मेपल आहे. शनिवारी सकाळी त्याच्याखाली जाऊन उभा राहिलो तर खाली एक पान नाही. रस्ता धुतल्यासारखा. आमच्या या श्वाबेन भागात केअरवोखे म्हणून एक प्रकार असतो. प्रत्येक घराची आठवड्याची पाळी लागते. पाळी असलेल्याच्या दारावर पाटी अडकवतात आणि त्याने जिना आणि दारासमोरचा रस्ता झाडायचा. यातून सुटका नाही. माणूस देव मानत नसेल तर चालेल, पण केअरवोखे मानलीच पाहिजे. पाटी तेव्हा तळमजल्यावरच्या शेजारीणबाईंच्या दारावर होती आणि त्या झाडू घेऊन शेवटची पाच-सहा पानं गोळा करत होत्या. बाकीचा सगळा ऑटम कचऱ्याच्या तपकिरी डब्यात गेला होता.

तेव्हाच माझ्या लक्षात आलं की उन्हाळ्यापासून आमच्या दारावर पाटी आलीच नव्हती. आमची पाळी त्याच करत होत्या, आणि त्याबद्दल एक अक्षर बोलल्या नव्हत्या. मी आभार मानायला तोंड उघडलं आणि माझ्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये भलतंच मागून बसलो. म्हटलं, एक आठवडा हे झाडू नका. त्यांना वाटलं मला शब्द येत नाहीत. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच म्हटलं आणि मग सगळं सांगितलं. बायको वर आहे, तिला बाहेर येता येत नाही, पान घरात नेता येत नाही, आणि मला पान कसं असतं ते बघायचंय.

त्यांनी झाडणं थांबवून दांड्यावर दोन्ही हात ठेवले. ऐंशीला टेकलेली बाई. जन्मभर दर शनिवारी हा रस्ता झाडलेला. समोरच्या घरांतून कोण काय म्हणेल याचा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर चाललेला मला दिसत होता.

"आल्झो, बरं तर," त्या शेवटी म्हणाल्या, "एक आठवडा. कुणी विचारलं तर माझी कंबर दुखतेय." आणि झाडू घेऊन आत गेल्या.

त्या आठवड्यात मी रोज कामावर जायच्या आधी त्या झाडाखाली उकिडवा बसायचो. येणारे-जाणारे बघायचे, मला पर्वा नव्हती. आणि मी जे पाहिलं त्याने माझी मती गुंग झाली. इतकी वर्षं त्या झाडाखाली गाडी लावत होतो, पण पान म्हणून मी कधी पाहिलंच नव्हतं. दोन पानं सारखी नव्हती. दोन सोडा, एका पानाच्या दोन बाजू सारख्या नव्हत्या. पिवळेपणा कडेकडून आत येत होता आणि शिरांच्या आसपास हिरवा अजून तग धरून होता, ओढ्याकाठी उन्हाळ्यात गवत राहतं तसा. काही पानांवर काळे गोल डाग होते, डांबराचे थेंब पडल्यासारखे, आणि डागाभोवती पुन्हा हिरवी कड. एका पिवळ्याजर्द पानावर मला दुसऱ्या पानाची सावली सापडली. झाडावर असताना त्याच्यावर दुसरं पान आलेलं असणार. जेवढा भाग झाकला गेला तेवढाच हिरवा राहिला होता, अगदी टोकांसकट. मी तळवा पुढे केला आणि मागे घेतला, कारण घरी जाऊन तिच्याजवळ बसायचं होतं. नुसत्या डोळ्यांनी इतका वेळ मी आयुष्यात काही बघितलं नसेल.

संध्याकाळी मी हे सासूबाईंना सांगितलं. त्या भाजी चिरत होत्या. चिरता चिरताच त्यांनी मला नववीच्या वर्गात बसवलं. म्हणाल्या, पिवळा रंग बाहेरून येत नाही. तो पानात पहिल्या दिवसापासून असतो, हिरव्याखाली झाकलेला. थंडी पडली की झाड हिरवा रंग मोडून त्यातलं कामाचं तेवढं आत ओढून घेतं आणि खालचा पिवळा उघडा पडतो. मी विचारलं, मग लाल? लाल मात्र नवीन, त्या म्हणाल्या. तो उन्हाळ्यात नसतो. पान गळायला आलेलं असताना तयार करतं, जाता जाता.

"का पण? गळायचंच आहे तर?"

"नक्की कुणालाच माहीत नाही," त्या म्हणाल्या. "पुस्तकात कारणं लिहिलेली असतात, वर्गात मी ती सांगायचे. पण खरं विचाराल तर मला दर वेळी नवलच वाटत आलंय. इथे येईपर्यंत मी ते डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं. चाळीस वर्षं फळ्यावर शिकवलं."

मग त्यांनी आणखी एक सांगितलं. वारा पान तोडत नाही. देठाच्या मुळाशी झाड स्वतःच एक पडदा तयार करतं, जखम आधी भरून घेतं आणि मग पान सोडतं. दुसऱ्या दिवशी मी देठं बघितली. खरंच, प्रत्येक देठाचं टोक फुगीर आणि गुळगुळीत होतं, एकही फाटलेलं नव्हतं. एवढं मोठं झाड, लाखभर पानं, आणि प्रत्येक ठिकाणी हे काम सुबकपणे उरकलेलं. माझ्या कारखान्यात एवढ्या सफाईला शेकडो माणसं लागतात. मी तिथे उकिडवा बसलेलो असताना माझ्या डोळ्यांना धार लागली. मी कुणाला नमस्कार वगैरे करणारा माणूस नाही, पण त्या झाडाला केला.

केलरमध्ये नमुन्याचं पान भिंतीवरून काढून टाकलं. आता एकेक पान वेगळं धरलं. आधी प्लॅस्टिकवर पिवळा दिला, सगळीकडे, कारण तो आधीपासून असतो. त्यावर हिरवा, आणि मग ओल्या फडक्याने तो कडेकडून पुसत आणला. पुसणं कुठे थांबेल ते मी ठरवत नव्हतो, हात थांबेल तिथे थांबायचं. मागची बाजू फिकट केली, शिरा तिकडे उठावदार ठेवल्या. देठाचं टोक गरम करून फुगवलं. भोकं काही पानांनाच, आणि एखाद्याची तर अर्धी बाजूच कुरतडलेली. दिवसाला फारशी होत नसत. एकसारखं करायला शिकायला मला वीस वर्षं लागली होती आणि ते विसरायला हात तयार नव्हता. मध्येच लक्षात यायचं की पुन्हा सारखंच होतंय. मग ब्रश डाव्या हातात घ्यायचो.

वर रोज दोन-तीन पानं जायची आणि तपासणी व्हायची. ती आता उशीला टेकून बसू लागली होती. हे चालेल. हे नाही, याचं पोट फार भरलंय, गळलेलं पान हलकं दिसलं पाहिजे. याला अजून पीळ दे. हे कुठल्या झाडाचं, वांग्याचं का? काळे डाग बघून ती थांबली. हे तुला कुठे दिसले, असं विचारलं. मी म्हटलं, खाली. तेव्हा ते पान तिने उशीजवळ ठेवलं. जेवण अजून तसंच परत येत होतं. तपासणीची तारीख जवळ येत होती आणि मी आणि सासूबाई एकमेकांशी त्याबद्दल बोलत नव्हतो.

रविवारी सकाळी मी पूर्ण ट्रे वर नेला आणि पानं तिच्या पांघरुणावर पसरली, छान रंगाची बाजू वर करून. तिने लगेच अर्धी उलटी केली. म्हणाली, खाली पडलेली पानं अशी असतात, पाठ वर. मी म्हटलं, काहीतरीच, मी आठवडाभर बघतोय, तोंड वर असतं. ती म्हणाली, तू रंग बघत होतास, म्हणून तुला रंगाचीच दिसली. मी म्हटलं, मी इन्स्पेक्टर आहे. ती म्हणाली, बंपरचा. आवाज चढले. सासूबाई स्वयंपाकघरातून काय झालं म्हणून विचारत होत्या.

"रोलाडेन वर कर," ती म्हणाली.

मी पट्टा ओढला. शटर खडखडत वर गेलं आणि तो सगळा पिवळा उजेड एकदम खोलीत आला. मेपल खिडकीएवढा उंच आहे आणि तेव्हा तो अगदी भरात होता. तिने डोळ्यांवर हात धरला. मग दुसऱ्या हाताने पलंगाची कड धरून उभी राहिली. मी पुढे झालो तर मला बाजूला सारलं आणि चार पावलं चालून बंद खिडकीच्या काचेशी गेली. तिला खाली बघायचं होतं, मी चूक आहे हे सिद्ध करायला.

खाली रस्ता दिसत नव्हता. नुसती पानं. दाराच्या पायऱ्यांवर, उभ्या गाड्यांवर, शेजारीणबाईंच्या खिडकीच्या कठड्यावर. काही तोंड वर केलेली, काही पाठ, आणि कितीतरी पानं दुसऱ्यांच्या आधाराने कडेवर उभी. आम्ही दोघंही चुकलो होतो. ती बघत राहिली. मी तिच्या मागे हात तयार ठेवून उभा होतो, पण ती पडली नाही.

"कुणी झाडलं का नाही?" तिने विचारलं.

मी सांगितलं. कंबरेचंही सांगितलं.

ती काचेला हात लावून म्हणाली, "त्या बाईने कधी एक शनिवार सोडलेला नाही रे." आणि रडायला लागली. आजाराचं नाव कळलं तेव्हा ती रडली नव्हती, केस गेले तेव्हाही नाही. मलाही आवरेना. सासूबाई दारात आल्या आणि आम्हा दोघांना रडताना बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांना वाटलं काहीतरी झालं. मी हातानेच काही नाही म्हणून खुणावलं.

मग तिने चेहरा पुसला, पांघरुणावरची पानं ट्रेमध्ये भरली आणि म्हणाली, पानं टांगायची नसतात, पडू द्यायची असतात. ट्रे मी धरायचा आणि ती पुढे. एकेक पान हातात घेऊन ती खांद्याच्या उंचीवरून सोडून द्यायची. जिथे पडेल तिथे. मी वाकून एक सरळ करायला गेलो तर दटावलं. बाल्कनीच्या बंद दाराच्या कोपऱ्यात तिने जास्त सोडली, कारण वाऱ्याने ती तिथेच जमली असती. चपलांच्या स्टँडखाली दोन. देवघरापुढे एक, ते काळ्या डागाचं. दर थोड्या वेळाने तिला बसावं लागे, म्हणून सासूबाई मागोमाग खुर्ची घेऊन चालत होत्या. त्यांच्या तोंडून जपून, जपून एवढंच निघत होतं, आणि इतकी पानं जमिनीवर पडलेली बघून, खुर्ची टेकली की केरसुणीकडे जाणारा हात त्या दुसऱ्या हाताने धरत होत्या. हॉलपर्यंत आलो. खिडकीतून येणारं ऊन जमिनीवर पडलं होतं आणि त्यात ती पानं. ती मी केली होती, प्रत्येकाला कुठे ड्रायर लावला होता ते मला माहीत होतं, तरी माझ्या अंगावर काटा आला. सोफ्याजवळचं एक पान चुरगळेल या भीतीने मी पाऊल उचलून बाजूला ठेवलं.

ती जेवणाच्या टेबलाशीच बसली, कारण तिथून पलंग आता लांब होता. सासूबाईंनी गरम भात, वरण, वर तूप असं नेहमीसारखं थोडंसं वाढलं आणि परत वळल्या. परत येणाऱ्या ताटाकडे बघायला लागू नये म्हणून त्या हल्ली वाढून झालं की तिथे थांबत नसत. मी मुद्दाम पानांबद्दल बडबड करत होतो, ओकची पानं अजून करायची आहेत, तांबूस तपकिरी जमत नाहीये, असलं काहीबाही. ती ऐकत होती का माहीत नाही. खिडकीकडे बघत तिने एक घास घेतला, मग दुसरा, आणि मी बडबडायचं थांबलो.

"आई," तिने हाक मारली. "अजून वाढ."

स्वयंपाकघरातून पळी भांड्यावर आपटल्याचा आवाज आला. सासूबाई बाहेर आल्या त्या वाटी घेऊन नाही, तर दोन्ही हातांत भाताचं अख्खं पातेलं धरून, आणि खाली न बघता पानांवरून चालत थेट टेबलापर्यंत आल्या.